इफ्ताहाच्या नवसापाशी अडकले आहे (शास्ते, अध्याय ११)

झऱ्याकाठी (प्रश्न)

आमच्या छोट्या गटात गेले चार महिने बायबलमधलं शास्ते हे पुस्तक वाचणं चालू आहे. गटात बहुतेक पंधरा ते अठरा वर्षांची मुलंमुली आहेत. अथनिएल, एहूद, दबोरा इथपर्यंत सगळे खुशीत होते. गिदोनाची मडकी आणि दिवट्या तर दोनदा वाचून झाल्या. मग अध्याय ११ आला.

वाचन एका सोळा वर्षांच्या मुलीकडे होतं. अम्मोन्यांवर जय मिळाला तर घराच्या दारातून जे भेटायला बाहेर येईल त्याचं होमार्पण करीन, असा इफ्ताहाचा नवस. जिंकून तो मिस्पाला घरी येतो आणि त्याची मुलगी डफ वाजवत, नाचत दाराबाहेर येते, त्या वचनापाशी वाचणारी थांबली. मला वाटलं शब्द अडला असेल. पण तिचं बोट वर सरकलं आणि ती म्हणाली, "२९व्या वचनात परमेश्वराचा आत्मा याच्यावर आला. ३०व्यात याने नवस केला. म्हणजे आत्मा आल्यावर केला. मग देवाने त्याला थांबवलं का नाही? अब्राहामाला मुलाचा बळी देताना थांबवलं होतं."

खोलीत कुणी बोललं नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बोलू." ते मला आठवडाभर टोचतं आहे, कारण त्या मुलीने मन लावून वाचलं होतं आणि मी मात्र पान उलटलं.

प्रश्न एकट्या इफ्ताहाचा नाही, हेही मला दिसतं. बआल या परक्या देवाची वेदी पाडणारा गिदोन म्हातारपणी सोन्याचा एफोद (याजकाचं वस्त्र) करतो आणि सगळा इस्राएल त्याच्यामागे लागतो. शमशोन तर जन्माआधीपासून नाजीर, देवाला वाहिलेला. तरी नव्या करारात इब्री ११:३२ मध्ये गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह ही नावं विश्वासाच्या यादीत आहेत. लोकांना मूर्तींच्या मागे गेल्याबद्दल शिक्षा होते, आणि सोडवायला येणारा माणूसच असा निघतो. हे मी मुलांना कसं समजावू? "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत" हे उत्तर कृपया देऊ नका. ते मीच एकदा देऊन बसले आहे, आणि त्या मुलीचा चेहरा तेव्हाच मिटला होता.

ओंजळ

ताई, ती मारली गेलीच नाही, असंही मानणारे आहेत. मध्ययुगातले यहूदी भाष्यकार दावीद किम्ही (११६०–१२३५) यांनी नवसाचं वाक्य वेगळं वाचलं. 'ते परमेश्वराचं होईल आणि मी त्याचं होमार्पण करीन' यातल्या 'आणि'साठी असलेलं इब्री अक्षर 'किंवा' असंही घेता येतं. तसं घेतलं तर माणूस निघाला तर परमेश्वराला वाहिलेला, जनावर निघालं तर होमार्पण. म्हणजे मुलगी आयुष्यभर अविवाहित राहिली, एकांतात. ती आपल्या जिवासाठी नाही, कौमार्यासाठी रडायला डोंगरावर जाते, हेही या वाचनाला धरून आहे. मुलांना हे सांगा, त्यांचं मन हलकं होईल.

झऱ्याकाठी

ओंजळ, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण ३९वं वचन पुन्हा वाचलं. दोन महिन्यांनी ती परत आली आणि त्याने केलेल्या नवसाप्रमाणे तिचं केलं, एवढंच तिथे आहे. आणि नवसात शब्द होमार्पणाचाच होता. मन हलकं होईल म्हणून मी हे वाचन घेतलं, तर पुन्हा पान उलटल्यासारखंच होईल असं वाटतं.

जुना_पाळक

तुमची शंका बरोबर आहे. असं वाचन रामबान (मोशे बेन नहमान) यांनी खोडून काढलं होतं. तेही मोठे यहूदी भाष्यकार, आणि त्यांनी सरळ सांगितलं की बलिदान झालं. मीही तसंच वाचतो. तीस वर्षं उपदेशपीठावर उभा राहिलो, त्यातली पहिली दहा मीसुद्धा ओंजळ यांचं उत्तर देत होतो. नंतर सोडलं, कारण ते दिलं की या अध्यायाचा कणाच निघून जातो.

त्या मुलीने २९ आणि ३० ही दोन वचनं एकमेकांशेजारी ठेवली. तिला म्हणावं, आणखी थोडं मागे जा. १०:६ वर. तिथे लेखक इस्राएलने कोणाकोणाची सेवा केली ते एकेक करून सांगतो: बआल, अष्टारोथ, अरामाचे देव, सीदोनाचे, मवाबाचे, अम्मोन्यांचे, पलिष्ट्यांचे. सात. लगेच पुढच्या वचनात परमेश्वर त्यांना कोणाच्या हाती विकतो? पलिष्टी आणि अम्मोनी. ज्यांच्या देवांना हात जोडले त्यांच्याच हाती. या पुस्तकातला न्याय बहुतेक असाच असतो: आकाशातून अग्नी पडत नाही, माणसाने जे निवडलं त्याच्याच ताब्यात त्याला दिलं जातं. मग लोक रडतात, आणि परमेश्वर म्हणतो, मी तुम्हाला मिसर, अमोरी, अम्मोनी, पलिष्टी, सीदोनी, अमालेकी आणि मावोनी यांच्यापासून सोडवलं. पुन्हा सात. आता तुम्ही निवडलेल्या देवांकडेच जा, त्यांनी सोडवावं.

हे ध्यानात ठेवून इफ्ताहाकडे या. वेश्येचा मुलगा, सावत्र भावांनी घराबाहेर काढलेला, तोब देशात रिकामटेकड्या माणसांची टोळी घेऊन राहणारा. अम्मोनी चढून आले तेव्हा गिलादाचे वडीलजन त्याच्या दारात आले. त्याने काय केलं? सौदा. जिंकलो तर मी तुमचा प्रमुख, कबूल? मग अम्मोनाच्या राजाकडे दूत पाठवले, आणि तीनशे वर्षांचा इतिहास मांडून जमिनीचा वाद घातला. हा माणूस तलवारीआधी तोंडाने लढतो. त्याच्या नावाचा अर्थच 'तो उघडतो'. आणि मग परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर येतो, तो गिलाद आणि मनश्शे ओलांडून अम्मोन्यांवर चालूनही निघतो, म्हणजे जे लागतं ते त्याला मिळून चुकलेलं आहे. तरीही तो तिसरा सौदा करतो, या वेळी देवाशी. तू जय दे, मी होम देईन. पुढे मुलीला पाहून तो कपडे फाडतो आणि म्हणतो, मी परमेश्वरापुढे तोंड उघडलं आहे, मला मागे फिरता येत नाही. इब्रीत क्रियापद वेगळं आहे, पण त्याचं नाव कानात असलेल्याला तो ठोका ऐकू येतोच.

आता माझं म्हणणं. मनुष्यबळी देऊन युद्ध जिंकायची ही रीत कुठली? २ राजे ३:२७ मध्ये मवाबाचा राजा वेढ्यात सापडतो तेव्हा गादीवर बसणारा थोरला मुलगा तटावर होम करतो. रीत ती आहे, शेजाऱ्यांची. आणि अनुवाद १२:३१ मध्ये इस्राएलला याच कारणासाठी बजावलं होतं: ही राष्ट्रं आपल्या देवांसाठी मुलंमुली अग्नीत जाळतात, तुझ्या परमेश्वराची उपासना तू त्या रीतीने करू नको. "दुसऱ्या देवाची करू नको" हे तर आहेच, पण इथे "माझी तशी करू नको" असं आहे. नवसात इफ्ताह कुठल्याच परक्या देवाचं नाव घेत नाही. तो परमेश्वराचंच नाव घेतो, पण परमेश्वराला मवाबाच्या कमोश देवासारखं वागवतो, पोटची मुलगी घेतल्याशिवाय न प्रसन्न होणारा. अम्मोन त्याने रणात हरवला आणि अम्मोनाची उपासना स्वतःच्या उंबऱ्यावर आणली.

गिदोनाचंही हेच झालं. सुरुवातीला रात्रीच्या अंधारात दहा चाकर घेऊन बापाची बआलवेदी पाडतो, अशेरा देवीच्या लाकडाचं सरपण करतो. शेवटी लोक त्याला राजा व्हा म्हणतात, तेव्हा तो "परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील" म्हणतो, आणि त्याच दमात लुटीतली कुंडलं मागतो. १७०० शेकेल सोनं, साधारण १९ किलो. त्याचा एफोद करून आपल्या अफ्रा गावात ठेवतो. एफोद हे याजकाचं वस्त्र, देवाला कौल विचारण्याशी जोडलेलं. म्हणजे यातही परका देव कुठे नाही. पुढे मीखा: त्याची आई आपल्या ११०० रुप्यांतले २०० सोनाराला देऊन मूर्ती करवते, तीही परमेश्वराला वाहिलेल्या रुप्याची. मग मीखा एका लेव्याला वर्षाला दहा रुपे, कपडे आणि जेवण देऊन घरचा याजक नेमतो, आणि म्हणतो, आता परमेश्वर माझं भलं करील हे मला कळलं. तो लेवी कोण ते १८:३० मध्ये शेवटी उघड होतं, आणि ते वाचताना माझा आजही श्वास अडकतो: योनाथान, गेर्षोमाचा वंशज, मोशेच्या घरातला. नक्कल करणाऱ्या लेखनिकांना ते इतकं सहन झालं नाही की त्यांनी मोशेच्या नावात एक 'न' ओळीच्या वर लटकवून 'मनश्शे' वाचता येईल असं केलं. तो लटकता 'न' आजही इब्री प्रतींत तसाच आहे.

तेव्हा त्या मुलीला माझं उत्तर असं. आत्मा इफ्ताहावर आला तो इस्राएलला सोडवण्यासाठी. त्याने इफ्ताहाचं मन धुऊन काढलं असं वचन कुठेही म्हणत नाही. आणि नवसाला देव "हो" म्हणाला, असंही वचन म्हणत नाही. २९व्या वचनानंतर परमेश्वराने अम्मोनी त्याच्या हाती दिले एवढं एक वाक्य येतं, आणि मग पुढे सगळ्या अध्यायात देवाचा एकही शब्द नाही. जो देव १०व्या अध्यायात लोकांशी तोंडातोंडी बोलत होता, तो इथे गप्प आहे. इफ्ताह मात्र बोलतच आहे.

खापर

जुना_पाळक यांनी वचनांतून सांगितलं, मी थोडं जमिनीतून सांगतो. पुराणवस्तुशास्त्र शिकलेला माणूस आहे.

आपण बआल म्हटलं की डोळ्यांपुढे दुष्टपणा आणतो. १९२९ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे, म्हणजे प्राचीन उगारितमध्ये, मातीच्या पाट्या मिळू लागल्या आणि बआल काय होता हे त्याच्या भक्तांच्या तोंडून कळलं. तो वादळाचा, पावसाचा देव, ढगांवर स्वार होणारा. इस्राएल ज्या डोंगराळ पट्ट्यात राहत होता तिथे मोठी नदी नाही. पाऊस आला तर गहू, नाही तर उपासमार. गिदोन पहिल्यांदा भेटतो तेव्हा मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडतो आहे. अशा माणसांना शेजारी सांगतात की इथल्या पावसाचा धनी बआल आहे. त्याला नैवेद्य न दाखवायला केवढं धाडस लागत असेल! मुलांना हे सांगितलंत तर त्यांना मूर्तिपूजा दुसऱ्याचा मूर्खपणा वाटणार नाही. ती पोटाची भीती होती.

दोथानाजवळच्या एका टेकडीवर, शास्त्यांच्याच काळातल्या उघड्या पूजास्थानी, साधारण १८ सेंटिमीटर लांबीचा काशाचा बैल मिळाला आहे. तो बआलाचा की परमेश्वराचा यावर विद्वानांत अजून वाद आहे. त्यानंतरचा, इ. स. पू. ८व्या शतकाच्या सुमाराचा दाखला सीनायच्या वाळवंटातल्या कुंतिल्लेत अजरूदचा: मोठ्या रांजणांवर "शोमरोनचा याव्हे (परमेश्वर) आणि त्याची अशेरा" यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेला. उत्खनन १९७५–७६ मध्ये झालं. म्हणजे पाळक म्हणतात तेच रांजणावर दिसतं: देव बदलला नाही, त्याच्या शेजारी कोणीतरी आणून बसवलं.

एक मात्र सांगायला हवं. राष्ट्रावर संकट आलं तर देव कोपला आहे, ही समजूत एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये धिबान इथे सापडलेल्या मवाबी शिलालेखात मेशा राजा म्हणतो की कमोश आपल्या देशावर रागावला होता म्हणून इस्राएलच्या अम्रीने मवाबाला पुष्कळ दिवस छळलं. शास्त्यांच्या पुस्तकातही हेच गणित आहे. मग वेगळं काय उरतं? याचं उत्तर तुमच्यापैकी वचनं जाणणाऱ्यांनी द्यावं.

जुना_पाळक

खापर, फार मोलाचं लिहिलंत. वेगळं काय, ते १०:१६ मध्ये आहे. लोक मूर्ती काढून टाकतात, आणि मग इब्रीत शब्दशः असं येतं की इस्राएलच्या हालांमुळे परमेश्वराचा 'जीव आखूड झाला'. आपल्याकडे भाषांतरात 'जीव कासावीस झाला' अशा अर्थाचं काही येतं. हाच शब्दप्रयोग पुढे १६:१६ मध्ये पुन्हा येतो. दलीला रोज शमशोनाला टोचते आणि त्याचा जीव मरणाला टेकेपर्यंत आखूड होतो. एकदा देवाबद्दल, एकदा शमशोनाबद्दल. "मी यापुढे तुम्हाला सोडवणार नाही" असं म्हणणाऱ्या देवाला स्वतःच्याच शब्दावर ठाम राहवत नाही. मेशाचा कमोश रागावतो आणि राग निवतो. त्याला मवाबाचे हाल बघवत नाहीत, असं त्या दगडावर कुठे कोरलेलं नाही.

शिकाऊ

मी इथे नवीन आहे, पण पाळकांच्या उत्तरात एक गोष्ट मला बोचली. ज्या देवाला लोकांचे हाल बघवत नाहीत, त्याला एका मुलीचे हाल बघवले? इफ्ताहाच्या वेळी तो गप्प होता, ही त्याची नापसंती होती असं आपण म्हणतो. पण त्या गप्प राहण्याची किंमत इफ्ताहाने नाही, मुलीने मोजली. अब्राहामाच्या गोष्टीत मुलासाठी 'एकुलता एक' असा शब्द आहे, आणि इथेही 'ती त्याची एकुलती एक' असा तोच इब्री शब्द आहे ना? मग लेखकाला ती आठवण करून द्यायचीच होती. मोरियाच्या डोंगरावर दूत हाक मारतो, मिस्पाला कोणी मारत नाही.

जुना_पाळक

शब्द तोच आहे. याहीद, यहीदा. आणि तुमच्या बोचण्याचं मी खंडन करणार नाही.

दोन गोष्टी सांगतो, तुमचा प्रश्न त्यांनी संपत नाही हे धरून. लेवीय २७ मध्ये माणसाचा नवस केला तर त्याचं मोल देऊन त्याला सोडवायची सोय होती. स्त्रीचं मोल तीस शेकेल, वय कमी असेल तर त्याहून कमी. तीनशे वर्षांचा इतिहास परक्या राजाला सांगणाऱ्या इफ्ताहाला हे सांगणारा एकही माणूस गिलादात नव्हता? यहूदी परंपरेत, उत्पत्ति रब्बा या जुन्या संग्रहात, यावर फार कडक बोललं आहे. त्यात म्हटलं आहे की याजक फीनहास नवस मोडून देऊ शकला असता. पण फीनहास म्हणाला, मी महायाजक, मी त्याच्याकडे का जाऊ? इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलचा प्रमुख, मी त्याच्याकडे का जाऊ? दोघांच्या मानापानात मुलगी गेली. दुसरी गोष्ट १ शमुवेल १४ मधली. शौलही असाच अविचारी शपथ घेतो आणि आपला मुलगा योनाथान मरायला हवा म्हणतो. तिथेही आकाशातून दूत येत नाही. लोक पुढे होतात आणि म्हणतात, याच्या डोक्याचा केसही जमिनीवर पडणार नाही. योनाथान वाचतो. मिस्पाला लोक होते. दोन महिने होते. कोणी पुढे आलं नाही.

शमशोनाच्या वेळी तर लोक आक्रोश करायचंही विसरले आहेत. पलिष्ट्यांची ४० वर्षं, आणि १३व्या अध्यायात देवाला मारलेली हाकच नाही. यहूदाची ३००० माणसं शमशोनाला बांधून पलिष्ट्यांना द्यायला येतात, आणि वर विचारतात की पलिष्टी आपले धनी आहेत हे तुला ठाऊक नाही का. तो स्वतःही तसाच. तिम्नाची मुलगी मागताना तो बापाला म्हणतो, ती माझ्या डोळ्यांना नीट दिसते, आणि पुस्तकाच्या शेवटच्या ओळीत प्रत्येकजण आपापल्या डोळ्यांना नीट दिसेल ते करतो. शब्द तेच. शेवटी गज्जात ते डोळेच जातात, आणि त्याची अखेरची प्रार्थना त्या दोन डोळ्यांच्या सुडासाठी असते. देव ती ऐकतो. इब्री पत्रातल्या यादीचं मला एवढंच कळलं आहे: या माणसांनी कोणाला हाक मारली ते तिथे मोजलं आहे, त्यांचं बाकीचं आयुष्य शास्ते पुस्तकाने झाकलेलं नाही.

झऱ्याकाठी

काल गट बसला. तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मी कागदावर उतरवून नेलं होतं, पण सुरुवातीला काहीच वाचलं नाही. त्या मुलीला म्हटलं, गेल्या वेळी तू विचारलंस आणि मी टाळलं, चूक माझी होती. मग शिकाऊ यांचा प्रश्न आणि पाळकांच्या दोन्ही गोष्टी सांगितल्या. मोल देऊन सोडवता येत होतं हे कळल्यावर एक मुलगा एकदम म्हणाला, "मग तिच्या मैत्रिणींना हे माहीत असतं तर?" कारण मैत्रिणी तिच्याबरोबर डोंगरावर गेल्या होत्या, दोन महिने.

त्यानंतर आम्ही पहिला अध्याय परत उघडला. तिथे कालेबाची मुलगी अखसा गाढवावरून उतरते आणि बापाला म्हणते, तू मला कोरडी जमीन दिलीस, आता पाण्याचे झरेही दे. आणि कालेब तिला वरचे आणि खालचे दोन्ही झरे देतो. माझं इथलं नाव त्यावरून आहे, पण शास्ते पुस्तकातली पहिली मुलगी बापाकडे पाणी मागते आणि अकराव्या अध्यायातली मुलगी दोन महिने मागते, हे मी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्या गटातल्याच दोन मुली.

शेवटी त्याच मुलीने उरलेली दोन वचनं वाचली. इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस इफ्ताहाच्या मुलीसाठी जात. "म्हणजे कोणीतरी विसरलं नाही," ती म्हणाली, आणि बायबल न मिटता तसंच मांडीवर धरून बसली. पुढच्या आठवड्यात बारावा अध्याय आहे, शिब्बोलेथ शब्दाची ती परीक्षा आणि मेलेले ते ४२,००० एफ्राइमी. वाचन तिनेच मागून घेतलं आहे.